आणणाऱ्याचं नाव

18 जुलै 2022 च्या सकाळी इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्र एस.टी.ची गाडी खलघाटच्या पुलाचा कठडा तोडून नर्मदेत कोसळली. चालक-वाहकासह बारा जण दगावले. हा पूल धार जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, आग्रा-मुंबई रस्त्यावर आहे. सरकारी यंत्रणा पोचण्याआधीच काठावरची माणसं कामाला लागली होती. पाण्यातला माणूस कोण, कुठल्या गावचा, हे कुणी विचारत बसलं नाही.

याच जिल्ह्यात अडीच वर्षं आधी, 5 फेब्रुवारी 2020 रोजी, मनावरजवळच्या बोरलाई गावात नेमकं उलटं घडलं. इंदूर-उज्जैनकडचे काही शेतकरी मजुरांना दिलेली उचल परत मागायला आले होते. ‘मुलं पळवणारे आले’ अशी हाकाटी झाली, त्यांच्या गाड्यांचा पाठलाग झाला आणि बोरलाईत जमावानं त्यांना दगड-काठ्यांनी ठेचून काढलं. एकाचा जीव गेला, बाकीचे जबर जखमी झाले. मारणारे होते, बघणारे होते, मोबाइलवर टिपणारेही होते.

दोन्हीकडची माणसं एकाच मुलखातली, एकाच हाटाला जाणारी. तेव्हा ‘माणुसकी राहिली नाही’ हे पेपरातलं ठरलेलं वाक्य इथं उपयोगाचं नाही. माणुसकी खलघाटला होती आणि बोरलाईत नव्हती, असं म्हणून काय हाती लागणार? अपघातातल्या जखमीकडे धावणारा माणूस मारहाणीतल्या जखमीपाशी येऊन थबकतो, त्याला कारणं आहेत. त्यातली काही अगदी शहाणपणाची आहेत, हेही आधीच सांगून टाकतो.

एक कारण म्हणजे हल्लेखोर अजून तिथंच असतो. ट्रकनं उडवलेल्या माणसाजवळ बसलं तर ट्रक परत येत नाही. चाकू मारणारा परत येऊ शकतो. ही भीती किती खरी असते ते पाहायला माळव्याशीच जोडलेलं एक जुनं प्रकरण घेऊ. 12 जानेवारी 1925 च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनाढ्य व्यापाऱ्याची मोटार दुसऱ्या एका मोटारीनं अडवली. बावलांबरोबर मुमताज बेगम होती, इंदूरच्या होळकर दरबारातून निसटलेली नर्तकी. आलेल्या लोकांना ती हवी होती. बावलांना गोळ्या घातल्या गेल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर चाकूचे वार झाले. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे आणि वाट चुकलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी त्या जागी पोचले. लेफ्टनंट सेगर्ट गोल्फची काठी घेऊनच हल्लेखोरांवर धावून गेले. त्यांना गोळी लागली. एक हल्लेखोर तिथल्या तिथं पकडला गेला. ही हकीगत सांगणारे बहुधा इथंच थांबतात. आपल्या प्रश्नासाठी त्याच्या पुढचा भाग महत्त्वाचा आहे. रक्तानं माखलेल्या मुमताजला रुग्णालयात न्यायची या अधिकाऱ्यांची धडपड चालू असताना हल्लेखोरांनी तिला त्यांच्या हातून हिसकावून घ्यायचा आणखी दोनदा प्रयत्न केला.

पुढे खटल्यात इंदूरच्या फौजेतले बडे अधिकारी सरदार आनंदराव फणसे आरोपींच्या रांगेत उभे राहिले, त्यांचा बचाव बॅरिस्टर जिनांनी केला, तिघांना फाशीची शिक्षा झाली आणि 1926 च्या फेब्रुवारीत तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. खटला टिकण्यामागे मदतीला धावलेल्यांची साक्ष हे मोठं कारण होतं. पण ते साक्षीदार होते गोरे लष्करी अधिकारी. त्यांना पोलिसांची भीती नव्हती, संस्थानाची तर नव्हतीच. त्या वळणावर एखादा टांगेवाला आला असता, तर मुमताजला त्यानं टांग्यात घेतलं असतं का? आणि घेतलं असतं, तर पुढे इंदूर दरबाराविरुद्ध तो पिंजऱ्यात उभा राहिला असता का? आपला आजचा प्रश्न त्या टांगेवाल्याचा आहे, सेगर्टसाहेबांचा नाही.

तुकोजीरावांनंतर गादीवर आले त्यांचे चिरंजीव यशवंतराव. त्यांच्या नावाचं इंदूरचं महाराजा यशवंतराव रुग्णालय म्हणजेच अख्ख्या माळव्याचं ‘एमवाय’. धारच्या भोज रुग्णालयात किंवा देवासच्या जिल्हा रुग्णालयात कुणी पोटात चाकू लागून आला की थोड्या वेळानं नातेवाइकांच्या कानावर तो शब्द पडतो: ‘रेफर’. देवासहून इंदूर पस्तीस-चाळीस किलोमीटर, धारहून साठेक. कुक्षी-डहीकडच्या माणसाला त्याच्या दुपटीहून जास्त, आणि खातेगाव-कन्नौदच्या माणसालाही इंदूर काही जवळ नाही. म्हणजे या दोन जिल्ह्यांत मारहाणीतल्या जखमीचं जे काही व्हायचं ते बऱ्याचदा सर्जनच्या टेबलावर ठरत नाही. त्याच्या आधी, धुळीत, जो कुणी शेजारी असेल त्याच्या हातांनी ठरतं.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दीड-दोन लिटर गेलं की शरीराची सावरायची ताकद संपत येते. मांडीची मोठी धमनी कापली गेली तर तेवढं रक्त जायला काही मिनिटं पुरतात. 108 ची गाडी कितीही वेळेवर आली तरी तेवढ्यात येत नाही. आणि या रक्तस्रावावरचा पहिला उपाय म्हणजे दाबणं. ओढणी, गमछा, स्वतःचा सदरा, जे कापड असेल त्याची घडी करून जखमेवर ठेवायची आणि दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, कोपर ताठ करून, अंगाचा भार टाकून दाबायचं. सगळे चुकतात ते इथं. दर मिनिटाला घडी उचलून ‘थांबलं का’ बघतात आणि जमू लागलेली गुठळी तिच्याबरोबर निघून येते. दहा मिनिटं बघायचं नाही. कापड भिजलं तर काढायचं नाही, त्यावर दुसरं ठेवायचं. हळद, कॉफी, चुन्याची डबी यांना घरातल्या बोटाच्या कापापुरता मान द्यावा. वाहत्या जखमेत त्यांचं काम नाही. त्या शोधण्यात वेळ जातो तो वेगळाच.

हातापायाची जखम दाबूनही उसळतच राहिली तर जखमेच्या चार बोटं वर, सांधा टाळून, रुंद पट्टी करकचून बांधायची. नुसता कमरेचा पट्टा आवळून भागत नाही. गाठीत दांडी घालून पीळ द्यावा लागतो, आणि तो दुखतो. बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. एके काळी प्रथमोपचाराच्या वर्गात ‘असं कधी बांधू नका, हात जाईल’ असं शिकवत. इराक-अफगाणिस्तानच्या लढायांतल्या अनुभवानं ते मत बदललं, आणि 2015 पासून अमेरिकेत सामान्य नागरिकांना रक्तस्राव थांबवायला शिकवण्याची मोठी मोहीम सुरू झाली. आपल्याकडे ही गोष्ट अजून सामान्य माणसांपर्यंत फारशी पोचलेली नाही. 7 जानेवारी 2025 ला पुण्यात येरवड्याच्या एका कंपनीच्या वाहनतळात एका तरुणीवर सहकाऱ्यानं धारदार हत्यारानं वार केले. वार हाताच्या कोपरावर होते, आणि उपचार चालू असताना ती गेली. त्या चित्रफितीत हल्लेखोर हत्यार घेऊन तिच्याभोवती फिरतो आहे आणि अंतर राखून बरेच लोक उभे आहेत. त्यानं हत्यार टाकल्यावर मग लोक त्याच्यावर तुटून पडले. जमावाच्या हातांना काम मिळालं ते त्याला बडवण्याचं. त्यातल्या दोन हातांची गरज तिच्या दंडाला होती.

धार, झाबुआ, अलीराजपूर या पट्ट्यात एक जखम अशी असते जी पुण्या-मुंबईच्या डॉक्टरनं जन्मात पाहिलेली नसते. ती म्हणजे तिराची. भिल्लांच्या भांडणात फालिया हे धारदार हत्यार चालतं, दगड-गोफण चालते आणि तीर-कामठाही निघतो. छातीत किंवा पोटात तीर शिरला की बघणाऱ्याचा हात आपोआप तो उपसायला जातो. तिथंच घात होतो. पात्याला काटे असतील तर ते आत शिरताना फाडतात त्याहून बाहेर येताना जास्त फाडतात. पातं साधं असलं तरी ते ज्या नसेत रुतलंय तिला बूच बनून बसलेलं असतं. तीर असो की चाकू, रुतलेलं हत्यार तसंच ठेवायचं. दोन बाजूंनी कापडाचे बोळे लावून ते हलणार नाही असं बांधायचं. लांब दांडी गाडीत मावत नसेल तर ती घट्ट धरून बाहेरच्या बाहेर कापायची, पण आतला भाग हलता कामा नये. पोटातून आतडं बाहेर आलं असेल तर ते आत ढकलायचं नाही, स्वच्छ ओल्या कापडानं झाकायचं. छातीत वार असून श्वास लागत असेल तर त्या माणसाला आडवं पाडण्याचा हट्ट सोडून टेकून बसवायचं. आणि पाणी पाजायचं नाही. जखमी ‘पाणी, पाणी’ करतो आणि आपल्या संस्कारात त्याला नाही म्हणणं पाप. पण रेफर होऊन एमवायच्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर जायचं असेल तर पोटातलं पाणी भुलीच्या वेळी श्वासनलिकेत येऊ शकतं.

तरीही माझ्या मते सगळ्यात जास्त फसवतो तो मुका मार. काठ्यांनी मारलेल्या माणसाचं रक्त दिसत नाही, तो उठून बसतो, शिव्याही देतो. लोक म्हणतात, वाचला. आत प्लीहा फुटलेली असू शकते. खूप वेळ बडवलेल्या माणसाच्या स्नायूंचा चेंदा होऊन त्यातली द्रव्यं मूत्रपिंडं बंद पाडतात. तो दोन दिवसांनी दगावतो आणि गावात चर्चा होते की दवाखान्यातच काहीतरी झालं. डोक्यावर काठी बसलेला माणूस तासभर व्यवस्थित बोलतो आणि मग झोपी जातो. त्याच्या तोंडाला दारूचा वास असला तर सगळ्यांना सोयीचं निदान मिळतं: ‘प्यायलाय, झोपू दे.’ तो झोपलेला नसतो. त्याला कुशीवर वळवून, मान सांभाळून, ताबडतोब हलवावं लागतं. बोरलाईसारख्या प्रकरणात किंवा 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडच्या पाच भटक्या माणसांचा जीव गेला तशा प्रकरणात सगळा मार याच जातीचा असतो. तिथं प्रथमोपचार म्हणजे आधी त्या माणसाला जमावाच्या हातून सोडवणं, आणि ते एकट्याचं काम नाही.

एकट्याचं नाही म्हणजे कुणाचंच नाही, असा एक समज गेली साठ वर्षं पाठ्यपुस्तकांतून चालत आला आहे. 1964 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा खून झाला, अडतीस जणांनी नुसतं पाहिलं अशी बातमी छापून आली, आणि त्यातून डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांचे 1968 चे प्रसिद्ध प्रयोग निघाले: जितके बघे जास्त, तितकी जबाबदारी पातळ. ती मूळ बातमी बरीच फुगवलेली होती हे पुढे उघड झालं. अलीकडे अॅम्स्टरडॅम, केपटाउन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर इथल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेल्या 219 भांडणांचा अभ्यास झाला. दहापैकी नऊ प्रसंगांत किमान एक अनोळखी माणूस मध्ये पडला होता, आणि बघे जास्त असतील तर कुणीतरी पुढे येण्याची शक्यता वाढत होती. पुण्यात 27 जून 2023 ला सदाशिव पेठेत कोयता घेऊन मुलीमागे धावणाऱ्याचा हात धरला तो स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी आलेल्या मुलांनी. तेव्हा लोक मध्ये पडतात. पडून झाल्यावर, पोलिसांची गाडी दिसल्यावर, ते पांगतात. माझ्या मते खरा पेच या पांगण्यात आहे, आणि तो कायद्यानं घातलेला आहे.

जखमीला घेऊन माणूस रुग्णालयाच्या दारात येतो. ड्यूटीवरचा डॉक्टर मारहाणीची केस ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस) म्हणून नोंदवतो. ते बरोबरच आहे, तो पुरावा असतो. त्या नोंदीत एक रकाना असतो: आणणाऱ्याचं नाव, पत्ता. तो भरला की रिक्षावाला साक्षीदार झाला. मग ठाण्यातून बोलावणं, मग समन्स, मग तारखा. आरोपी त्याच मोहल्ल्यातला असतो, जामिनावर सुटलेला असतो, आणि त्यालाही रिक्षावाल्याचं नाव ठाऊक असतं.

अपघातासाठी हा रकाना आपण बराच बोथट केला. ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’च्या 2013 च्या पाहणीत चारांपैकी तिघांनी जखमीला मदत करण्याची शक्यता कमी असल्याचं सांगितलं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांनी कारण दिलं ते पोलिस-कोर्टाचं. त्याच संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 30 मार्च 2016 ला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक रूप दिलं: मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही, त्याला अडकवून ठेवायचं नाही, तपासणी एकदाच. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आलं. 2021 मध्ये जखमीला वेळेत पोचवणाऱ्याला पाच हजारांचं बक्षीस सुरू झालं. 2025 मध्ये ते पंचवीस हजार झालं आणि योजनेला ‘राहवीर’ असं नाव मिळालं.

पण हे सगळं मोटारीच्या अपघाताचं. देवासच्या बायपासवर दुचाकीवरून पडलेल्याला उचललं तर मी राहवीर. तिथंच चाकू लागून पडलेल्याला उचललं तर नुसता साक्षीदार. जखम तीच, रक्त तेच, रुग्णालयही तेच. विधी आयोगानं 2006 च्या 201 व्या अहवालात तातडीच्या उपचारांसाठी जो आदर्श कायदा सुचवला होता तो अपघाताबरोबर इतर तातडीच्या वैद्यकीय अवस्थांचाही विचार करणारा होता. संसदेनं उचलला तो फक्त रस्त्याचा तुकडा.

मारहाणीच्या बाबतीत आज जे आधार आहेत ते विखुरलेले आहेत. परमानंद कटारा प्रकरणात 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जखमी निरपराध असो की गुन्हेगार, डॉक्टरनं आधी उपचार करायचे, पोलिसी सोपस्कार मागून. भारतीय न्याय संहितेचं कलम 30 चांगल्या हेतूनं, जखमीची संमती घेणं शक्य नसताना केलेल्या कृतीला संरक्षण देतं, आणि कलम 35 दुसऱ्याच्या शरीराच्या बचावासाठी बळ वापरायचा हक्क. 1 जुलै 2024 पासून हद्दीचा विचार न करता गुन्हा नोंदवून घेणं पोलिसांवर बंधनकारक झालं. ही शेवटची गोष्ट देवासकरांना विशेष भावावी. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीमुळे तिथं एकाच गावात दोन दरबार आणि दोन कचेऱ्या नांदत. मार कुठल्या बाजूला खाल्ला यावर फिर्याद कुठं द्यायची ते ठरायचं. संस्थानं गेली, तरी ‘कौनसे थाने का मामला है?’ हा प्रश्न काही गेला नव्हता. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयानं 5 डिसेंबर 2018 ला मंजूर केली. ती कागदावर चांगली आहे. चहाच्या टपरीवाल्यानं जिल्हा पातळीवर अर्ज करून धोक्याचं मूल्यमापन करून घ्यावं, अशी तिची अपेक्षा आहे.

उज्जैन देवासला लागून आहे. तिथं सप्टेंबर 2023 मध्ये अत्याचारानंतर रक्तबंबाळ झालेली एक अल्पवयीन मुलगी बडनगर रस्त्यावर दारोदार फिरत होती. कॅमेऱ्यात एक माणूस तिला हाकलताना दिसला आणि देशभर संताप झाला. नंतर पोलिस अधीक्षकांनी जे सांगितलं ते कमी लोकांच्या लक्षात राहिलं: वाटेत काहींनी तिला पैसे दिले होते, टोलनाक्यावर कुणी कपडे दिले होते. म्हणजे बरेच जण द्रवले होते. पैसे देऊन पाठमोरं होता येतं, कपडे देऊनही होता येतं. तिला बसवून 100 नंबर फिरवला की मात्र आपण त्या गोष्टीत शिरतो. शिरला तो शेवटी एका आश्रमातला पुजारी. त्यानं तिला अंगावर घालायला दिलं, थांबवलं आणि पोलिसांना बोलावलं. अशा मुलीला प्रश्न विचारत बसायचं नसतं, तिला धुवायचं-पुसायचं नसतं, कपडे बदललेच तर जुने जपून ठेवायचे असतात. आणि पीडित अल्पवयीन असेल तर पोलिसांना कळवणं ऐच्छिक नाही. पॉक्सोचं कलम 19 ते बंधनकारक करतं. त्या रस्त्यावरच्या किती जणांना हे माहीत होतं?

दाबायला शिकवणं अवघड नाही. होळीआधी भगोरियाचे हाट भरतात तेव्हा धार जिल्ह्यात गावोगावी पोलिस बंदोबस्त असतोच. त्याच तंबूत अर्ध्या तासात चार पोरांना पट्टी बांधायला शिकवता येतं. पिथमपूरच्या कारखान्यांत सुरक्षा सप्ताह होतात, तिथं आगीबरोबर रक्तस्रावही घेता येईल. रकान्याचं काम त्याहून कठीण आहे, पण त्यासाठी संसदेचीच वाट पाहायला हवी असं नाही. स्त्रिया, साठीवरचे आणि अपंग यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनीच घरी जायचं, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 मध्ये आजही आहे. जखमीला आणणाऱ्या कुणालाही हीच वागणूक द्यावी, जबाब एकदाच आणि त्याच्या सोयीच्या जागी घ्यावा, आणि त्यानं फक्त आणलं असेल, हल्ला पाहिला नसेल, तर नाव-पत्ता ऐच्छिक ठेवावा, एवढं परिपत्रक भोपाळचं पोलिस मुख्यालय काढू शकतं. मुंबईचंही काढू शकतं. अपघातासाठी हीच वाक्यं दहा वर्षांपूर्वी लिहून झालेली आहेत. त्यातला ‘मोटार’ शब्द तेवढा खोडायचा आहे.